एका वेळी एकच बदल

४ मार्च, सोमवार. सकाळी ११.१०

रजेचा पहिला दिवस. रजा सहा आठवड्यांची आहे आणि ती मी घेतलेली नाही, साहेबांनी दिली आहे. हा फरक लिहून ठेवणं आवश्यक आहे, कारण घरात ‘आजारपणाची रजा’ असे शब्द वापरले जात आहेत.

घडलं ते असं. गेल्या गुरुवारी मी तपासणीच्या खोलीत एका काट्यासमोर बसलो होतो. काटे तपासणं हेच माझं काम, एकोणीस वर्षं. दवाखान्यांचे, दुकानांचे, कारखान्यांचे वजनकाटे आमच्या प्रयोगशाळेत येतात. आम्ही त्यांच्यावर प्रमाण वजनं ठेवतो आणि काटा खरं बोलतोय की खोटं, ते कागदावर लिहून देतो. त्या दिवशी रीडिंग लिहायला मला जरा वेळ लागला. अडीच तास. साहेब आत आले तेव्हा माझ्या हातात पेन होतं आणि कागद कोरा होता. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, जो एकोणीस वर्षांत ठेवला नव्हता. म्हणाले, घरी जा, डॉक्टरांना दाखव, पंधरा एप्रिलला त्यांचं पत्र घेऊन ये, टेबल तुझंच आहे.

तर पंधरा एप्रिल. तोपर्यंत रोज साडेपाचला उठणे. पाच किलोमीटर चालणे. माळा आवरणे. पोहायला शिकणे.

आज १०.४० ला उठलो. पहिला दिवस धरायचा नसतो. काटासुद्धा चालू केल्यावर तासभर तापू देतात.

५ मार्च, मंगळवार. दुपारी २

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मनाचे डॉक्टर. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी कुठे निघालात विचारलं, तर मी दाताला म्हणालो आणि खाली पोचेपर्यंत गालावर हात धरून ठेवला. बायको सोबत होती, तिने लिफ्टच्या छताकडे पाहिलं.

डॉक्टरांनी झोप, भूक, रडू, कामात लक्ष, सगळं विचारलं. मी नेमकी उत्तरं दिली. ठीक. ठीक. नाही. ठीक. मग त्यांनी बायकोला विचारलं. तिने वीस मिनिटं घेतली. माणसाला नेमकं बोलता येत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

त्यांचं म्हणणं, हे नैराश्य आहे. त्यांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. शिवाय खालच्या मजल्यावर एक समुपदेशक बाई बसतात, त्यांच्याशी आठवड्यातून एकदा बोलायचं. मी विचारलं, दोन्हींपैकी कुठलं? ते म्हणाले की तुमच्या अवस्थेत दोन्ही एकत्र चांगलं चालतं. हवं तर एकापासून सुरुवात करा, पण सुरुवात करा. मी विचारलं की दोन्हींत कमी त्रुटी कशात आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. असे पेशंट त्यांना रोज मिळत नसावेत.

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. एका वेळी एकच बदल. काटा बिघडलेला वाटला तर आधी जागा बदलायची, मग पाहायचं. मग वायर बदलायची, मग पाहायचं. दोन्ही एकदम बदललं आणि काटा सुधारला, तर दोष कशात होता हे जन्मात कळत नाही. गोळी घेतली, बोललोही, आणि बरा झालो, तर श्रेय कोणाला देणार? डॉक्टर हुशार आहेत पण मोजमापाची शिस्त नाही.

६ मार्च, बुधवार. सकाळी ११.३०

योजना तयार. आलेखाचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. चार टप्पे.

पहिला टप्पा, बेसलाइन. काहीही न घेता, कोणाशीही न बोलता, रोज मनाचं रीडिंग. शून्य ते दहा. दुसरा टप्पा, फक्त गोळी. तिसरा, गोळी बंद, फक्त बोलणं. चौथा, सगळं बंद करून काटा शून्यावर येतो का ते पाहणं. मग अहवाल, मग जो जिंकेल तो उपचार.

आणि दुसरा निरीक्षक. आमच्याकडे प्रत्येक वजन दोघं वाचतात. दुसऱ्याने पहिल्याचं रीडिंग बघायचं नाही, पहिल्याने दुसऱ्याचं बघायचं नाही, शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. माझी दुसरी निरीक्षक म्हणून बायकोची नेमणूक केली. तिला लेकीची जुनी निळी वही दिली, रकाने आखून. तारीख, आकडा, शेरा.

बायकोने विचारलं की म्हणजे तुम्ही आता किती दिवस काहीच करणार नाही? मी समजावलं की हे काहीच न करणं नव्हे, ही बेसलाइन आहे. तिने बराच वेळ वही उलटसुलट केली. मग विचारलं की शेऱ्यात शब्द लिहिले तर चालतील का. मी म्हटलं, चालतील, थोडक्यात.

८ मार्च, शुक्रवार. दुपारी १२

रीडिंग ६. पाच लिहिलं असतं तर डॉक्टर खरे ठरले असते आणि सात म्हणजे बढाई. सहा हा प्रामाणिक आकडा आहे.

चालायला गेलो. सोसायटीच्या फाटकापर्यंत. बूट चावत होते. परत आलो. नवीन बूट घेतल्याशिवाय चालण्यात अर्थ नाही.

पोहण्याचा वर्ग भरलेला असणार. विचारलं नाही, पण असणार.

११ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५

मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. याला सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाला, गोळ्यांच्या नादी लागू नका दाजी, त्याच्या ऑफिसातला एक जण गोळ्या घेऊन नुसता फुगला. आणि परक्या बाईसमोर बसून घरचं काय बोलायचं? बोलायचंच असेल तर माझ्याशी बोला, घरचा माणूस आहे. मी बरं म्हटलं. मग तो त्याच्या गुडघ्याबद्दल पावणेदोन तास बोलला.

म्हणजे बोलण्याच्या उपचाराची तोंडओळख झाली. फरक जाणवला नाही. रीडिंग ६.

तो गेल्यावर बायको भांडी जरा जोरात ठेवत होती. दुसऱ्या निरीक्षकाने भावनेच्या भरात नोंदी करू नयेत, असं मी तिला सुचवलं.

१४ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.३०

आज स्वतःहून उठलो. अंघोळ केली. गच्चीवर गेलो, मोकळ्या हवेसाठी. वर कोणी नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ पायपाचा आवाज होत होता, बाकी शांत. कठड्याजवळ बराच वेळ उभा होतो. विशेष विचार नव्हता.

रीडिंग ६.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ११

गच्चीची किल्ली खिळ्यावर नाही. आमच्या मजल्यावर ती नेहमी आमच्याच दाराआड असते. लेकीला विचारलं, तिला माहीत नाही. बायको म्हणाली, सापडेल, पण ती स्वतः शोधताना काही दिसली नाही. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची शिस्त या घरात मी सोडून कोणालाच नाही. वैतागून पुन्हा झोपलो.

१८ मार्च, सोमवार. सकाळी १०

बेसलाइन आज संपायला हवी. पण रीडिंग बघता ६, ६, ६, ६, ६. इतका स्थिर आकडा आला की आम्ही काटा अडकलाय का ते पाहतो. म्हणून बेसलाइन आणखी एक आठवडा वाढवावी, असं मी बायकोला सांगितलं.

तिने गोळी आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. म्हणाली, आता पुरे. आवाज चढवला नाही. तिने आवाज चढवला असता तर मी ऐकलं नसतं.

दुसरा टप्पा आजपासून, माझ्या इच्छेने.

२२ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

गोळीचा पाचवा दिवस. तोंड कोरडं. पोट बिनसलंय. मनावर परिणाम शून्य.

डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीला थोडा त्रास होईल, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मध्येच स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही वाटलं तर फोन करा. आता, जो काटा स्थिर व्हायला चार आठवडे घेतो, तो आम्ही बनवणाऱ्याकडे परत पाठवतो. गोळी बंद. फोन केला नाही. ते दुसऱ्या पेशंटमध्ये असतील.

बायकोला सांगितलं नाही. लपवाछपवी नव्हे, दुसऱ्या निरीक्षकाला प्रयोगाची माहिती नसलेली बरी असते. उद्यापासून सकाळी तिच्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, खोलीत येऊन गोळी काढायची. माझ्याकडे ऑफिसातून बाद झालेली वजनांची लाकडी पेटी आहे. आत मखमल, मखमलीत प्रत्येक वजनासाठी खळगा. गोळी दोन ग्रॅमच्या खळग्यात बरोबर बसते. काही गोष्टी बघून समाधान वाटतं.

रीडिंग ७.

२५ मार्च, सोमवार. दुपारी १.३०

मिलिग्रामचा फोन. हा प्रयोगशाळेतला माझा जोडीदार, तिथला दुसरा निरीक्षक, अंगाने काडी आणि कामाला काटेकोर, म्हणून हे नाव. बारा वर्षं आम्ही एकमेकांपासून आकडे लपवत शेजारी बसलोय. म्हणाला की माझ्या टेबलावर तात्पुरता एक जण बसवलाय, तो वजनं चिमट्याने न उचलता हाताने उचलतो. बोटांचं तेल लागतं, वजन बदलतं, याला पत्ताच नाही. दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटा आलाय, तो मिलिग्रामने बाजूला ठेवलाय, तू आल्यावर करू म्हणाला. कधी येतोस?

मी म्हटलं, ऐंशी टक्के बरा आहे, पंधराला हजर.

फोन ठेवल्यावर डोळ्यांत काहीतरी गेलं. बाथरूममध्ये जाऊन धुतले. नळ बराच वेळ चालू राहिला, अर्धा तास असेल. या भागात धूळ फार.

रीडिंग ७.

२८ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

तिसरा टप्पा. बाईंकडे पहिली बैठक, चार वाजता.

खोली लहान. दोन खुर्च्या, एक झाड, कागदी रुमालांचा डबा. डबा मुद्दाम माझ्या बाजूला सरकवलेला होता, हा पूर्वग्रह आहे. घड्याळ माझ्या पाठीमागे लावलं आहे, म्हणजे वेळ फक्त त्यांना दिसते. मी समोरच्या खिडकीच्या काचेत उलटं वाचून घेतलं.

मी चार पानांचं टिपण नेलं होतं. बालपण, शिक्षण, नोकरी, तब्येत, अशी शीर्षकं देऊन. वाचून दाखवलं. बाईंनी अडवलं नाही. चौथ्या पानावर वेळ संपत आली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. फार जड होतं तेव्हा तुम्ही कोणाला सांगता? मी म्हटलं, मी रोजनिशी लिहितो. त्यांनी विचारलं, मग ती काय म्हणते?

प्रश्न विषयाला धरून नव्हता.

गोळी नियमित घेतो असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या टप्प्याचा निकाल दूषित झाला असता. बाईंनी अभ्यास दिलाय, रोज एका माणसाला एक खरी गोष्ट सांगायची. सोपं आहे. मी आयुष्यभर लेखी खरंच सांगत आलोय.

रीडिंग ८. मी त्यांच्या बाकीच्या लोकांपेक्षा पुष्कळ बरा असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ५.१५

अभ्यास चालू आहे. शुक्रवारी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं की लिफ्ट मजल्यापेक्षा अर्धा इंच खाली थांबते. खरी गोष्ट. शनिवारी शेजारच्या काकूंना सांगितलं की त्यांच्या घरातलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. खरी गोष्ट. काकूंनी दाताची चौकशी केली. दात बरा आहे म्हटलं, तीही खरीच.

आज लेकीला सांगितलं की तुझं दप्तर सहा किलो चारशे ग्रॅम आहे, नववीच्या मुलीला हे जास्त आहे. तिने दप्तर खाली ठेवलं. म्हणाली, बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का? मी म्हटलं, छे, हा माझा अभ्यास आहे. ती म्हणाली, तुम्ही महिनाभर माझ्याशी काही बोललाच नाहीत, आणि आज बोललात ते हे. आणि आत गेली.

या वयात मुली हळव्या होतात. रीडिंग ७.

दप्तर मात्र खरंच जड आहे. मी ते उचलून तिच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. दार लावलेलं होतं. तिथेच ठेवलं.

४ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.४०

दुसरी बैठक. कागद नेला नाही. पाचव्या पानासाठी काही सुचलं नाही.

बाईंनी त्या दिवशीचं विचारलं, काट्यासमोरचं. मी सांगितलं की रीडिंग शंकास्पद होतं. त्यांनी विचारलं, किती होतं? मी म्हटलं, दोनशे ग्रॅमच्या वजनाला दोनशे. त्या म्हणाल्या, मग?

मग काय. काटा बरोबर होता. मी वजन उचललं, पुन्हा ठेवलं, तीस वेळा ठेवलं. तीसही वेळा बरोबर आला. आणि मला लिहिता येईना. समोर आकडा दिसतोय आणि तो खरा आहे असं आतून वाटतच नव्हतं. काट्याचंच नाही, कशाचंच. टेबल माझं आहे, हात माझा आहे, घरी कोणी वाट पाहतंय, काहीच खरं वाटेना. हे मी बोललो. कसं बोललो ठाऊक नाही. डबा बाईंनी सरकवला नाही, तो आधीच माझ्याकडे होता.

मग मी वेळ संपली म्हणून उठलो. काचेत बारा मिनिटं बाकी दिसत होती.

तेव्हापासून छाती भरून आली आहे. अंगात त्राण नाही. घरी आल्यावर बायकोने दार उघडलं तेव्हा दमलोय एवढंच म्हणालो आणि पडलो. निष्कर्ष उघड आहे. बोलण्याच्या उपचाराने प्रकृती बिघडते. बंद.

रीडिंग ३. (उपकरणातला दोष. दुरुस्त करून ७.)

८ एप्रिल, सोमवार. दुपारी १२.३०

चौथा टप्पा. गोळी नाही, बोलणं नाही. बिछान्यातून निरीक्षण. आडव्या स्थितीत रीडिंग जास्त स्थिर येतं.

बायको ऑफिसला जात नाही. घरून काम करते, तेही आमच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून. म्हणते, तिथे नेट बरं चालतं. राउटर दिवाणखान्यात आहे. हल्ली तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतं आणि परवा दुधाखालचा गॅस बंद करायला विसरली. माझ्या आजारपणाचा नसता बाऊ करून तिने स्वतःची घडी बिघडवून घेतली आहे. बाईंचा पत्ता तिलाच द्यावा, असं वाटून गेलं.

गुरुवारी बाईंकडे जायला हवं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, प्रयोग संपला. तिने निळी वही काढून काहीतरी लिहिलं.

११ एप्रिल, गुरुवार. सकाळी ११

अहवाल लिहिला. सहा पानं, आलेखासह.

निष्कर्ष १: गोळी निरुपयोगी (कालावधी पाच दिवस). निष्कर्ष २: बोलणं अपायकारक (कालावधी पावणेदोन बैठका). निष्कर्ष ३: नमुना क्रमांक एक, म्हणजे मी, सहावरून सातवर केवळ विश्रांतीने आलो आहे. कामावर रुजू होण्यास पात्र.

माळा राहिला. पोहणं पुढच्या वर्षी.

परवा शनिवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, पत्र आणायला. दुसऱ्या निरीक्षकाची वही जोडल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही, म्हणून बायकोला वही द्यायला सांगितली. म्हणाली, तिथेच देते.

१३ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.२०

साडेअकराची वेळ होती. सव्वाअकराला पोचलो. बाहेर बसायच्या खोलीत आमच्याशिवाय एक आजोबा होते, ते पेपर वाचत होते. बायकोने पर्समधून निळी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी अहवालाला जोडलेली आलेखाची नक्कल काढली. दोन्ही शेजारी ठेवले. मिलिग्रामसोबत बारा वर्षं हेच करतोय, तरी वही उघडताना जरा धाकधूक असतेच, जुळतंय का नाही.

आकड्याचा रकाना पहिल्या नजरेत कोरा दिसला. सगळा. शेरे होते. ते इथे जसेच्या तसे उतरवतो, कारण नोंदीत फेरफार करायचा नसतो.

८ मार्च. फाटकापर्यंत गेले. येऊन बुटांसकट झोपले.

११ मार्च. भावाला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं.

१४ मार्च. गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले, टाकीमागे उभी राहिले. पंचवीस मिनिटं. हाक मारली तर दचकतील म्हणून मारली नाही. पायपाला धरून उभी होते. मग हे आपणच खाली आले.

१५ मार्च. किल्ली माझ्या पर्समध्ये.

२३ मार्च. गोळी लाकडी पेटीत सापडली. मी बोलले नाही, बोलले असते तर यांनी पेटीही लपवली असती. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, एकटं सोडू नका, बाईंकडे जाणं तरी सुटू देऊ नका, कधीही फोन करा.

२५ मार्च. नळ सोडून रडले. मी दाराबाहेर बसून होते.

१ एप्रिल. लेक विचारते, बाबा कधी परत येणार. मी म्हटलं, घरातच आहेत की.

४ एप्रिल. बाईंकडून आले. माझ्याकडे बघून म्हणाले, दमलोय. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले.

इथे आकड्याच्या रकान्यात आकडा होता. संपूर्ण वहीतला एकच. १.

पुढच्या पानावर ८ एप्रिल. माझी झोप तीन तास. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी वर पाहिलं तर बायको समोरच्या भिंतीकडे बघत होती. महिनाभर एक माणूस माझ्यावर नजर ठेवून जागा होता आणि मी त्याला रकाने आखून दिले होते. मला फार लाज वाटली. लाजेहून जास्त काहीतरी वाटलं, त्याचं नाव मला माहीत नाही. आजोबांनी पेपरचं पान उलटलं.

आमचं नाव पुकारलं. अहवाल पिशवीतच राहिला. डॉक्टरांना मी निळी वही दिली. त्यांनी सगळी वाचली, सावकाश. मग माझ्याकडे पाहिलं. मला बाईंचा अभ्यास आठवला. म्हटलं, मी गोळी पाच दिवस घेतली, बाकीच्या वजनांच्या पेटीतल्या खळग्यांत आहेत. आणि म्हटलं, गच्चीवर विशेष विचार नव्हता असं मी लिहिलंय. होता.

बायकोने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की आत्ताही खूण दिसते.

डॉक्टर बराच वेळ बोलले. आता विचार येतो का, कधी येतो, आला तर मी काय करायचं, तिने काय करायचं, कोणाला फोन करायचा, सगळं एका कागदावर लिहून दिलं. पत्र दिलं नाही. म्हणजे दिलं, पण रजा आणखी सहा आठवडे वाढवण्याचं.

मिलिग्रामला फोन करून सांगितलं की पंधराला येत नाही. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला की बाळांचा काटा त्याने तपासून पाठवला, फार दिवस थांबवता येईना. दोनदा वाचलं म्हणाला, एकदा स्वतः आणि एकदा मी वाचतोय असं समजून.

१५ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.३०

या वेळी मी माझ्या टेबलावर असणार होतो. स्वयंपाकघरात आहे.

गोळी घेतली. नवीन पाकिटातली. बायकोसमोर, आणि तोंड उघडून दाखवलं, तिने मागितलं नसताना. पेटीतल्या गोळ्या तिने नष्ट करायला औषधांच्या दुकानात नेऊन दिल्या. खळगे रिकामे बघून जरा वाईट वाटलं. गुरुवारी चारला बाई. दोन्ही एकत्र सुरू. बरा झालो तर कशामुळे झालो, हे कधीच कळणार नाही. बायकोला विचारलं की याचं तुला काहीच वाटत नाही का. म्हणाली, काही नाही. आणि दुपारी लेक शाळेतून येईपर्यंत झोपते म्हणाली, तुम्ही इथेच बसा, मला दिसाल असे. मी हो म्हटलं.

लेकीचं दप्तर मी सकाळी फाटकापर्यंत नेलं. किती किलो ते बोललो नाही. तिने रिक्षातून हात केला.

साडेपाचला उठणे वगैरे काही ठरवलेलं नाही.

कपाटावरचा आलेख काढला. बायको म्हणाली, काढू नका, नवीन लावा, मला सवय झाली आहे. नवीन कागद लावला. या खेपेला ती आधी लिहिणार असं ठरलं. तिने विचार करून २ लिहिला आणि पेन माझ्याकडे दिलं.

मीही २ लिहिला. तिचं बघून.